एका वेळी एकच सवय बदला: साखर, चालणं, ताट आणि तंबाखू, आपल्या घरात जमेल अशा क्रमानं

गुढीपाडवा, एक जानेवारी, नाहीतर "येत्या सोमवारपासून नक्की". तब्येतीचा विचार आपल्याकडं याच मुहूर्तांवर सुरू होतो, आणि होतो तो सगळाच एकदम. साखर बंद, भात बंद, पहाटे पाचला अजिंक्यतारा किल्ला चढणं, रात्री सातनंतर जेवण नाही. आठवडाभर जोरात चालतं, मग कुणाची तरी वास्तुशांत निघते नाहीतर कंपनीत नाईट शिफ्ट लागते आणि जे एकदम सुरू झालं ते एकदमच बंद पडतं, आणि माणूस म्हणतो माझ्यात जिद्दच नाही हो. मला हे अजिबात पटत नाही. ज्यानं वीस वीस वर्षं शिफ्टा केल्या, कर्ज काढून पोरांची शिक्षणं केली, त्याच्यात जिद्द नाही असं कसं म्हणायचं?

अडचण दुसरीकडंच आहे. आपल्या घरात कुठलीही सवय एकट्याची नसते. तुम्ही भात सोडला की बायकोला किंवा आईला दोन भाकऱ्या जास्त थापाव्या लागतात. तुम्ही पहाटे उठलात की लाईट लागते, कडी वाजते, म्हाताऱ्या माणसांची झोप मोडते. तुम्ही सातला जेवायचं ठरवलं की स्वयंपाक साडेसहाला तयार पाहिजे. म्हणजे तुमचे चार बदल म्हणजे घरातल्या चार माणसांच्या दिवसात ढवळाढवळ, आणि ते तुमच्या प्रेमापोटी आठ दिवस सहन करतील पण नवव्या दिवशी कुणीतरी म्हणणारच की एवढ्यानं काय होतंय, खा आज.

म्हणून माझं सांगणं असं आहे की एका वेळी एकच बदल करा, आणि पहिला बदल असा निवडा ज्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणाला काहीही जास्तीचं करावं लागणार नाही. माझं माहेर सांगलीचं आणि सासर सातारचं, दोन्हीकडं शुगर-बीपीची माणसं आहेत, दोन्हीकडं खाणंपिणं जोरदार आहे, आणि दोन्ही घरांत जे टिकलं ते याच क्रमानं टिकलं.

आधी आठ दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहा

पोरांची अर्धी उरलेली वही घ्या, मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल पण वही बरी, डोळ्यासमोर राहते. रोज चारच गोष्टी लिहायच्या: चहा किती कप झाला आणि प्रत्येकात साखर किती, जेवण सोडून मधे काय खाल्लं, सलग किती वेळ चाललो, आणि रात्री झोपलो किती वाजता. जेवणाची वजनं-मापं, कॅलरी वगैरेच्या मागं लागू नका, त्यात तीन दिवसांत कंटाळा येतो आणि वही कपाटात जाते.

हे आठ दिवस का, तर आपण मोजतो फक्त घरातला चहा. आमचे सासरे एसटीत होते, त्यांना विचारलं की सांगायचे मी दोनच वेळा घेतो. लिहायला लागल्यावर कळलं की दोन घरात, एक स्टँडवर जुन्या मित्रांबरोबर, एक पोवई नाक्यावर कुणीतरी भेटलं म्हणून आणि एक संध्याकाळी कुणी आलं गेलं की. पाच कप झाले. कपाला दोन चमचे साखर धरली आणि चमच्यात चार-पाच ग्रॅम येते असं धरलं तर नुसत्या चहातून ४० ते ५० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं आहे की वरून घातलेली साखर, त्यात मध आणि रसही आला, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हणजे साधारण २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ५० ग्रॅम, आणि ती ५ टक्क्यांच्या आत म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास आणली तर आणखी चांगलं. म्हणजे बिस्किट नाही, पेढा नाही, शिरा नाही, नुसत्या चहानंच कोटा संपला.

लिहिताना अजून एक करा, मधलं खाणं लिहिलं की त्याच्यापुढं एका शब्दात लिहा की त्या वेळेला काय चाललं होतं. बऱ्याच घरात दिसेल की फरसाणाचा नाहीतर भडंगाचा डबा भुकेनं उघडत नाही, सातची मालिका सुरू झाली की उघडतो. हे कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण पुढं सवय बदलताना आपल्याला ती वेळ बदलावी लागते, पोट नव्हे.

एकच निवडायची, ती कशी

वहीत बघून दोन गट करा. एका गटात ज्या गोष्टी तुमच्या एकट्याच्या हातात आहेत त्या: स्वतःच्या कपातली साखर, जेवल्यावर दहा मिनिटं चालणं, संध्याकाळचा शेवटचा चहा, फोन रात्री कुठं ठेवायचा. दुसऱ्या गटात ज्याला घर लागतं त्या: तेल, मीठ, भाजीचं प्रमाण, जेवायची वेळ. सुरुवात पहिल्या गटातूनच करायची. त्यातली कुठली, तर जिची तुम्हाला सगळ्यात कमी भीती वाटते ती. सगळ्यात वाईट सवय आधी मोडायला जाऊ नका, पहिल्या बदलाचं काम एवढंच आहे की तुमचा तुमच्यावर विश्वास बसावा. (तंबाखू-मिश्रीचं गणित वेगळं आहे, ते खाली लिहिलंय.)

आणि एक म्हणजे एकच हं. साखर कमी करताय ना, मग त्या काळात कुणी कितीही सांगितलं की भातपण बंद कर, तरी हो म्हणून सोडून द्यायचं. डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी.

चहातली साखर: हे मी जरा सविस्तर सांगते कारण निम्म्या घरांची सुरुवात इथूनच होते

एकदम बिनसाखरेचा चहा करू नका. जीभ बंड करते आणि चार दिवसांनी माणूस दुप्पट गोड खातो. पहिली पायरी एवढीच की चमच्याची शीग काढायची. आपण साखर घेतो ती शीग लावून घेतो, सपाट चमचा आणि शीगेचा चमचा यात बराच फरक पडतो. दोन आठवडे दोन सपाट चमचे. मग दोन आठवडे दीड. मग एक. मग पाऊण, आणि इथून पुढं प्रत्येक पायरीला वाटलं तर तीन आठवडे द्या कारण शेवटचा अर्धा चमचा सगळ्यात अवघड जातो. अर्ध्यावर थांबलात तरी काही बिघडत नाही, पाच कपांचे दहा चमचे होते ते अडीचवर आले म्हणजे दिवसाला तीसेक ग्रॅम साखर वाचली.

घरात चहा एकाच पातेल्यात होतो आणि साखर त्यातच उकळते, ही पहिली अडचण. सगळ्यांना फिका चहा पाजायचा नाही, ज्याला बदलायचंय त्यानं स्वतः उठून साखर घालायच्या आधी आपला कप गाळून घ्यायचा. चहा करणाऱ्याला वेगळं पातेलं ठेवायला लावायचं नाही, नाहीतर ती सवय तुमची न राहता तिचं काम होते.

टपरीवरच्या चहात साखर आधीच असते, तिथं "साखर कमी" म्हणून उपयोग नाही. तिथं फुलच्या जागी कटिंग घ्या. आणि कुणाच्या घरी गेल्यावर आपल्याकडं चहाला नाही म्हणणं म्हणजे अपमान, मग "निम्मा कपच द्या वहिनी, आत्ताच झालाय" एवढं म्हणायचं, माणूसही दुखावत नाही आणि साखरही निम्मी होते.

आता गुळाचा चहा. आपला भाग उसाचा, गुळाचा, काकवीचा, त्यामुळं गूळ म्हणजे औषधच असं आपल्याला वाटतं आणि हल्ली चौकाचौकात गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्यात. गुळात थोडे खनिज पदार्थ असतात हे खरं, पण त्यातला बहुतेक भाग साखरच आहे आणि रक्तातली शुगर तोही वाढवतोच. आवडत असेल तर प्या, पण मोजताना साखरच मोजा. मधाचं आणि काकवीचं तेच. उसाच्या रसाचं तर जास्तच, एका मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमच्या आसपास साखर सहज असते, तेव्हा महिन्यातून कधीतरी छोटा ग्लास, आणि शुगर असलेल्यांनी नकोच.

सासऱ्यांचा चहा असाच हळूहळू एका सपाट चमच्यावर आला आणि मग एका लग्नात त्यांच्या हातात मांडवातला चहा आला. एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "सूनबाई, काकवी ओतलीय काय गं यात?" तोच चहा त्यांनी वर्षानुवर्षं आवडीनं प्यायला होता. जीभ बदलते, फक्त तिला आठवडे द्यावे लागतात.

किती दिवस लागतात

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळे सांगतात, त्याच्यावर फार जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी सवय निवडली आणि ती रोजच्या ठराविक गोष्टीला जोडली. गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर बसली आणि व्यायामाला जास्त वेळ लागला. त्यातलंच आणखी एक मला फार धीर देणारं वाटतं, की मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय बसण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून एका बदलाला दोन-अडीच महिने धरूनच चला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी झालं की बारीक टिक करा. गणपतीत मोदक होणार, पौषात मांढरदेवला जाणं होणार, पाहुणे आले की कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडणार, हे सगळं आधीच धरून चला. सणाच्या दिवशी खा, मनापासून खा, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या चहाला परत आपल्या चमच्यावर या. एक दिवस सुटला तर काळजी नाही, सलग दोन-तीन सुटले की मात्र थांबून विचार करा की पायरी मोठी झाली का, आणि झाली असेल तर एक पायरी खाली उतरा. एक चमचा झेपत नसेल तर दीडवर या आणि तिथं महिनाभर राहा, यात हरण्यासारखं काही नाही.

पुढचा बदल कधी घ्यायचा, तर ही सवय एखाद्या विस्कटलेल्या आठवड्यातून पार पडली की. म्हणजे पाहुणे राहून गेले, शिफ्ट बदलली, घरात कुणी आजारी पडलं, आणि तरीही तुमचा चमचा तोच राहिला, मुद्दाम आठवावं लागलं नाही, तर समजा बसली. नुसते शांत दिवस पाळलेल्या सवयीवर दुसरी सवय ठेवू नका.

दुसरा बदल: चालणं, पण गल्लीतून सुरू करा

साताऱ्यात राहिलं की माणसाला डोंगरच दिसतो. चालायचं म्हटलं की अजिंक्यतारा, धावायचं म्हटलं की सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून ही मॅरेथॉन होतेय, यवतेश्वरच्या घाटातून २१ किलोमीटरचं अंतर, बाहेरगावाहून माणसं येतात आणि आपल्या गावाचं नाव झालंय याचा मला खूप अभिमान आहे. पण ज्याला अजिंक्यताऱ्यावरच्या मंगळाई देवीपर्यंत जाऊनसुद्धा धाप लागते त्यानं पहिल्याच महिन्यात मॅरेथॉनला नाव नोंदवायचं नसतं. आणि गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवा, चढताना दम लागतो पण गुडघ्यावर जास्त ताण उतरताना येतो. म्हणून पहिले दोन महिने सपाट रस्ता.

सुरुवात अशी करा: रात्रीचं जेवण झालं, हात धुतला, की तसंच चप्पल घालून बाहेर. दहा मिनिटं. पाच मिनिटं जायचं, पाच मिनिटं यायचं. बूट नको, ट्रॅकपँट नको, गजर नको. जेवण रोज होतंच, त्यामुळं वेगळी आठवण लागत नाही, आणि जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळं जेवणानंतर शुगर चढते ती कमी चढते. नेमकं याच वेळेला माणूस टीव्हीसमोर बसतो, आणि बसला की उठत नाही, म्हणून हात पुसायच्या आधीच दाराकडं वळायचं. पाऊस असेल, आणि सातारच्या जुलैत तो असतोच, तर जिन्यातल्या मोकळ्या जागेत, पोर्चमध्ये, नाहीतर हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारा. दहा मिनिटंच तर आहेत.

हे महिनाभर झालं की मग वेळ वाढवा. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाचं चालणं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तो अर्धा तास तीन तुकड्यांत झाला तरी चालतो. मध्यम वेग म्हणजे काय, तर चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही. मग शाहू स्टेडियमला जा, गोडोलीच्या तळ्याकडं जा, सांगलीत असाल तर आमराई आहे, कृष्णेचा घाट आहे. सपाटीवर अर्धा तास आरामात जमला की मग साताऱ्यातली चार भिंतींची टेकडी, आणि त्याच्यानंतर किल्ला. तोपर्यंत चांगल्या बुटांचा खर्च करायला हरकत नाही, त्याआधी नको, कारण आपल्याकडं बूट घेतले की व्यायाम झाला असं वाटतं.

छातीत दाबल्यासारखं झालं, जबड्यात किंवा हातात कळ आली, दरदरून घाम फुटला तर लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन बसायचं नाही.

बायकांसाठी दोन शब्द. "दिवसभर उभीच असते, मला कशाला चालायला पाहिजे" हे मी माझ्या आईकडून, जावेकडून, सगळ्यांकडून ऐकते. घरकामात हालचाल होते हे अगदी खरं, पण ती तुटक असते, सलग दहा-वीस मिनिटं दम लागेल असं त्यात फारसं होत नाही. आणि अजून एक गोष्ट, तो अर्धा तास तुमचा स्वतःचा असतो. एकटीनं जायला नको वाटत असेल तर जावेला घ्या, शेजारणीला घ्या, दोघींनी ठरवलं की एक कंटाळली तरी दुसरी ओढून नेते. घरच्यांनी एवढंच करायचं की त्या वेळेला भाजीत मीठ किती, टॉवेल कुठाय असले फोन करायचे नाहीत.

तिसरा बदल: ताट, आणि इथं घर बरोबर घ्यायला लागतं

ताटाला मी मुद्दाम तिसरा नंबर दिलाय. तोपर्यंत घरच्यांनी बघितलेलं असतं की हा माणूस पाच महिने काहीतरी नेटानं करतोय, मग त्याच्या शब्दाला किंमत येते. पहिल्याच दिवशी "तेल कमी घाला" म्हटलं असतं तर ते स्वयंपाकाला नाव ठेवल्यासारखं झालं असतं.

तेलाचं आमच्या घरी कसं झालं सांगते. सासूबाईंना मी तेल कमी करा असं म्हटलंच नाही. नवा कॅन आणला त्या दिवशी म्हटलं, "आई, यावर तारीख टाकूया का, किती दिवस पुरतोय बघू." त्यांनी स्वतः मार्करनं झाकणावर तारीख लिहिली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नमुना आहारात माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. चार माणसांचं महिन्याचं झालं सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. त्या हिशोबानं पाच लिटरचा कॅन चार माणसांना सहा आठवडे जायला पाहिजे. आमचा महिना व्हायच्या आतच संपला. त्या झाकणाकडं बघत बसल्या थोडा वेळ, मग म्हणाल्या, "पुढच्याला बघते मी." पुढच्या कॅनला फोडणीची पळी गेली आणि चमचा आला, कुणी काही न सांगता. वांग्याच्या भाजीवर तर्री कमी आली म्हणून दोन दिवस कुरबुर झाली, मग सगळे विसरले.

ताटात आधी काढू नका, आधी वाढवा. भाकरी-चपाती कमी करायच्या आधी भाजी एक पळी जास्त आणि काकडी, गाजर, मुळा, बीट यातलं काहीतरी कच्चं घ्या. त्याच संस्थेनं दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्यात, आपण त्याच्या निम्म्यालाही बऱ्याचदा जात नाही. जेवायला बसल्यावर पहिले चार घास भाजीचे आणि कोशिंबिरीचे घ्या, पोट भरत आलं की तिसरी भाकरी आपोआप राहते. आपल्याकडं खायला काय कमी आहे हो, सांगलीकडची शाळूची भाकरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, मटकी, हुलग्याचं माडगं, इस्लामपूरचा अख्खा मसूर. त्या अख्ख्या मसुरावर ढाब्यावर तेलाचा तवंग असतो तेवढा घरी करायचा नाही, बाकी कडधान्यासारखं चांगलं काही नाही. परदेशी बिया आणि महागड्या पावडरी आणायची काहीही गरज नाही.

मिठाचं प्रमाण दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, यात सगळं आलं, भाजीतलं, भाकरीतलं, लोणच्यातलं. बीपीवाल्यांच्या घरात भाजी अळणी करून भांडण ओढवून घेण्यापेक्षा आधी वरचं मीठ काढा. लोणच्याची बरणी जेवायच्या जागेवरून उचलून वरच्या फळीवर ठेवा. पापड रोजचा असेल तर रविवारचा करा. खर्डा खा पण बोटाच्या पेराएवढा. फरसाण, वेफर्स, भडंग यात मीठ आणि तेल दोन्ही असतं, ते डब्यातून थेट खायचं नाही, वाटीत काढायचं आणि डबा परत ठेवून यायचं. एवढं झालं की मग भाजीतलं मीठ चिमटीचिमटीनं कमी करा, कुणाला कळणारही नाही.

आणि जेवणाला लागून चहा नको, विशेषतः बायकांनी. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे हे सरकारी पाहणीतच आलंय, आणि चहातल्या टॅनिनमुळं भाजी-डाळीतलं लोह शरीराला नीट लागत नाही. तासभर तरी अंतर ठेवा. उलट पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त लागतं.

झोप

याला फार लिहायची गरज नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप पाहिजे. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला सुद्धा पाचेक तास लागतात, म्हणून शेवटचा चहा चारच्या आसपास. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून काढून हॉलमध्ये लावा, हा एकच बदल पुरतो. शिफ्टवाल्यांनी घड्याळाची वेळ धरू नये, "ड्युटीवरून आलो, आंघोळ केली, पडदा ओढला" असा क्रम धरावा, वेळ बदलली तरी क्रम तोच राहिला पाहिजे.

तंबाखू आणि मिश्री

आपल्या भागात बाप्ये मळून खातात आणि बायका मिश्री लावतात, आणि मिश्रीला कुणी व्यसन मानतच नाही, दात घासायचं असतं म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, तोंडात ठेवली की निकोटीन तसंच अंगात जातं, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती तशीच. हे ज्यांना सोडायचंय त्यांनी बाकी एकही बदल त्या काळात हातात घेऊ नये. चहातली साखर वाढली, वजन दोन किलो वाढलं तरी चालेल, आधी हे. आणि इथं घर पहिल्या दिवसापासून बरोबर पाहिजे, घरातल्यांना तारीख सांगा, डबी-पुडी घरातून बाहेर काढा, सोबतच्यांना सांगा मला देऊ नका.

तलफ येते ती जोरात येते पण काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हात आणि तोंड दोन्ही कामाला लावा, पाणी प्या, लवंग नाहीतर बडीशेप चघळा, जागेवरून उठा. पहिला आठवडा चिडचिड होणार, डोकं दुखणार, घरच्यांनी तेवढं पोटात घालायचं. सरकारची मोफत फोन सेवा आहे, १८००-११-२३५६, तिथं बोलणारी माणसं पुढचे फोनही करतात. दंतवैद्याला किंवा डॉक्टरांना विचारलं तर निकोटीनचं च्युइंगम, पट्टी किंवा गोळ्या मिळतात, ती मदत घेण्यात कमीपणा काही नाही. आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं असं काही असेल तर सोडायची वाट बघत न बसता आधी दाखवा.

औषधं चालू असतील तर

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं कमी केलं किंवा चालणं वाढवलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, भोवळ, घाबरं होणं ही लक्षणं, लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं. म्हणून बदल सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, चालायला जाताना खिशात साखरेची पुडी नाहीतर ग्लुकोज ठेवा. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, ते गोळीमुळंच नॉर्मल आलेलं असू शकतं. किडनीचा त्रास असेल तर मिठाऐवजी मिळणारं कमी सोडियमचं मीठ विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं. रोज जास्त दारू पिणाऱ्यानं ती एका दिवसात, डॉक्टरांना न सांगता बंद करणं तर जिवावर बेतू शकतं, फिट येऊ शकते.

तपासणीची घाई करू नका. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगरची सरासरी दाखवते, त्यामुळं बदल सुरू करताना एकदा आणि मग तीन महिन्यांनी एकदा केली की पुरे. रोज सकाळी वजनकाट्यावरही उभं राहू नका, आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी चहाच्या आधी.